पुढच्या फळीवरचं वजन

पंपवाल्यांना पंपघर सोडून बरीच वर्षं झाली होती, तरी गल्लीत त्यांना दुसऱ्या नावानं कुणी ओळखत नव्हतं. नळाला पाणी आलं नाही की अजूनही एखादी बाई गॅलरीतून ओरडायची, "पंपवाले, आज काय झालं हो पाण्याला?" जणू निवृत्तीच्या दिवशी त्यांनी सगळ्या गावाचं पाणी खिशात घालून घरी आणलं होतं. पंपवाले मान वर करून म्हणायचे, "येईल, येईल." आणि यायचंच, कारण पाणी कधी ना कधी येतंच. पुष्कळदा त्यांचं दिवसभरात माणसाशी झालेलं बोलणं एवढंच असायचं.

घर दोन खोल्यांचं, सायकल दुरुस्तीच्या दुकानावर. पुढच्या खोलीत पलंग आणि रेडिओ, मागच्या खोलीत शेगडी, एक खुर्ची आणि खिडकीत वाळत घातलेला एक पंचा. खुर्च्या आधी दोन होत्या. दुसरीवर कुणी बसेना म्हणून तिच्यावर जुनी वर्तमानपत्रं साठली, मग वर्तमानपत्रांसकट ती माळ्यावर गेली. लग्नाचं राहून गेलं होतं. ते का राहिलं असं विचारणारी माणसंही एकेक करून गेली, तेव्हा तोही प्रश्न मिटला.

भिंतीपलीकडे धाकटा भाऊ राहायचा. त्याचं घरातलं नाव बारक्या. लहानपणी तो काडीसारखा होता म्हणून हे नाव पडलं, आणि पुढे दारातून आडवं होऊन जावं लागेल एवढा तो सुटला तरी कुणी ते बदललं नाही. रविवारी सकाळी बारक्या भिंतीवर दोन ठोके द्यायचा, की दोघे भाऊ गळ, दोऱ्या, डबा घेऊन गावाबाहेरच्या तलावावर निघायचे. तलाव मोठा, पलीकडचा काठ धुक्यात दिसायचाही नाही. वडिलांची लाकडी होडी होती, तिला मागे एक छोटं इंजिन. पंपवाले मागे बसून इंजिनाचं हँडल धरायचे, बारक्या पुढच्या फळीवर बसायचा. तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत यात बदल झाला तो एवढाच, की इंजिन दोनदा नवं आलं.

वडिलांनी एक नियम घालून दिला होता: एकट्यानं होडी सोडायची नाही. एकाला ताप आला तर दुसऱ्यानं घरी बसायचं. वडील गेले तरी नियम राहिला. त्यामुळे पंपवाल्यांना इंजिनाची नस अन् नस ठाऊक होती, तलावातला प्रत्येक खडक पाठ होता, पण होडीत एकटं बसल्यावर काय होतं हे त्यांना जन्मात माहीत नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा. सगळं घोडं तिथंच अडलं.

मग बारक्याचे गुडघे गेले. मुलानं दूरच्या शहरात घर घेतलं आणि आईवडिलांना नेलं. त्याच साली होडीचा तळ कुजला. सुतारानं फळीत बोट घातलं ते आरपार गेलं, आणि त्यानं बोट पुसलं. भिंतीपलीकडे नवराबायकोचं एक जोडपं भाड्यानं आलं. दोघंही रात्रपाळीची, त्यामुळे दिवसभर झोपलेली. भांडत नसत, गात नसत, मिक्सरसुद्धा लावत नसत. इतकी चांगली माणसं शेजारी आल्याचं दुःख कुणाला सांगायची सोय नव्हती.

बारक्याचा दर रविवारी संध्याकाळी फोन यायचा. "दादा, इकडे ये. पोरानं तुझ्यासाठी खोली काढलीय. तुझी भावजय रोज विचारते."

ती खोली पंपवाल्यांनी एकदा पाहिली होती. नीटनेटकी. पलंगावर नवी चादर, कोपऱ्यात भावजयीचं शिवणयंत्र, आणि खिडकीतून समोरच्या इमारतीच्या जिन्याची खिडकी दिसायची. जिन्यावरून लोक चढायचे आणि उतरायचे. पंपवाले त्या खिडकीशी दोन दिवस बसले आणि तिसऱ्या दिवशी पंपघरात काहीतरी निघालंय असं धडधडीत खोटं सांगून परत आले.

"मला पाण्याशिवाय करमत नाही," ते फोनवर म्हणाले.

"मग काय, एकटा जाणार? बाबांनी काय सांगितलंय?"

"काठावर बसेन."

"तू? काठावर?" बारक्या हसला, आणि हसण्यात तथ्य होतं. काठावर गळ टाकून बसलेल्यांकडे दोघे भाऊ आयुष्यभर होडीतून बघत आले होते, आणि कशा नजरेनं बघायचे ते न सांगितलेलंच बरं.

त्या हसण्यानंच पंपवाल्यांचं डोकं फिरलं. ते म्हणाले, "मी बोट घेतोय. एकट्याला चालवता येईल अशी. मिळाली तर इथंच राहीन. थंडी सरेपर्यंत नाही मिळाली तर येतो तुझ्या खोलीत. मग तर झालं?"

"शब्द?"

"शब्द."

फोन ठेवल्यावर ते भानावर आले. रागाच्या भरात माणूस काय बोलून जातो, आणि भावाला दिलेला शब्द मागे घ्यायचा तर तोंड कुठलं? बोट मिळाली नाही तर तलाव सुटणार, आणि तलाव सुटला तर या गावात राहायला त्यांच्याकडे दुसरं कारणच नव्हतं. मग उरायची ती जिन्याची खिडकी. लोक चढताहेत, उतरताहेत.

तलावाच्या धक्क्याला लागून बोटवाल्याचं आवार होतं. पत्र्याची शेड, डांबराचा आणि पेट्रोलचा वास, लाकडी घोड्यांवर उलट्या करून ठेवलेल्या बोटी. बोटवाला मनानं चांगला, पण जिभेला हाड नाही. गिऱ्हाईक फाटकातून आत येईपर्यंत त्याच्या दोन बोटींची वर्णनं करून झालेली असायची.

"या पंपवाले, या. बोट ना? किती जण जाता?"

"दोघं," पंपवाले म्हणाले.

तोंडातून निघून गेलं. आयुष्यभर या प्रश्नाला हेच उत्तर दिलेलं. दुरुस्त करायला ते तोंड उघडणार तोवर बोटवाला चार बोटी पुढे गेला होता. आणि खरं सांगायचं तर दुरुस्त करायची त्यांना लाजही वाटली. 'मी एकटाच आहे' हे वाक्य त्यांनी अजून कुणापुढे मोठ्यानं म्हटलं नव्हतं, आणि त्याची सुरुवात पेट्रोलच्या वासात या बोलघेवड्यापुढे करायची त्यांची तयारी नव्हती.

पहिली बोट ॲल्युमिनियमची. हलकी, टिकाऊ, बोटवाल्याच्या मते नातवंडांना पुरणारी. पंपवाल्यांनी पाय ठेवला तसा धडाम् आवाज झाला. दुसरा पाय ठेवला, पुन्हा धडाम्. डबा खाली ठेवला तर देवळातली घंटा परवडली. "मासे धरायचेत, वरात काढायची नाही," असं म्हणून ते उतरले.

दुसरी रबराची, हवेची. घडी करून घरी नेता येईल म्हणाला. पंपवाल्यांनी तिच्या फुगीर कडेवर बोट दाबून पाहिलं, खिशातला गळ काढून तिच्याशेजारी धरला आणि बोटवाल्याकडे नुसतं पाहिलं. बोटवाला म्हणाला, "ते ठिगळ देतात सोबत."

तिसरी बोट बोटवाल्याची लाडकी. तिला मोटारीसारखं गोल स्टिअरिंग, गुबगुबीत खुर्ची, समोर काच, पेला ठेवायला भोकसुद्धा. पंपवाले त्या खुर्चीत बसले. पाणी खाली कुठेतरी लांब राहिलं. गळाला मासा लागला तर उठून, वळून, खुर्चीला वळसा घालून कडेला जायला हवं. मासा कशाला थांबतोय? "मोटारीतच बसायचं असतं तर रस्त्यावर गेलो असतो," ते म्हणाले.

"तुमचं नाक फार वर आहे हो पंपवाले," बोटवाला म्हणाला. पण चिडला नाही. त्याला असली गिऱ्हाइकं आवडत. न घेणाऱ्याशी जास्त बोलता येतं.

आणि मग, शेडच्या मागच्या बाजूला, ताडपत्रीखाली ती होती. फायबरची, उघडी, रंग उन्हानं विटून फिका करडा झालेला. दोन आडव्या फळ्या, एक पुढे, एक मागे. कडा इतक्या बेताच्या उंचीच्या की बसल्या बसल्या कोपर टेकावं. तळाला पावलं घसरू नयेत म्हणून वाळूचा खरखरीतपणा. पाण्यात उतरवल्यावर पंपवाल्यांनी पाय ठेवला तर तिनं हूं की चूं केलं नाही. मागच्या छोट्या इंजिनाची दोरी ओढली, एकदा, दोनदा, आणि ते गुरगुरलं. अर्धं आयुष्य पंपाच्या मोटारींच्या आवाजात काढलेल्या माणसाला आवाजावरून कळतं. हे इंजिन कुणीतरी मायेनं वापरलं होतं.

मनात भरली. म्हातारपणी एखादी वस्तू इतकी मनात भरावी याचीच त्यांना शरम वाटली. त्यांनी इंजिन बंद करायची लाल दोरी मनगटाला अडकवली, कारण माणूस पडला की ही दोरी सुटून इंजिन थांबतं, नाहीतर बोट निघून जाते आणि माणूस राहतो. मग हँडल पिळलं.

बोटीनं पुढचं टोक वर उचललं.

थोडंथोडकं नव्हे. वेग वाढला तसं टोक एवढं वर आलं की पंपवाल्यांना समोर तलाव दिसेना, बोटीचाच करडा उतार दिसायला लागला, आणि त्याच्यावर आभाळ. मान काढून डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. कोळ्यांनी जाळ्यासाठी रोवलेला बांबू अगदी हाताशी आला तेव्हा दिसला आणि कसाबसा चुकला. वेग कमी करून ते कासवाच्या चालीनं परत आले.

"आमची जुनी अशी नव्हती," ते म्हणाले. "आमची पाण्यावर पाटासारखी जायची."

"दोघं बसलात की बसेल हो टोक खाली. भावाला घेऊन या पुढच्या वेळी."

"आणतो," पंपवाले म्हणाले.

पुढच्या रविवारी एकटेच आले. भावाला सर्दी झाली होती म्हणे. त्याच्या पुढच्या रविवारी भाऊ पाहुण्यांकडे गेला होता. मग त्याचा दात दुखत होता. इतका आजारी आणि इतका फिरता भाऊ कुणाला नसेल. बोटवाल्यानं दर वेळी "बरंय" म्हटलं आणि दर वेळी करडी बोट पाण्यात उतरवून दिली. पंपवाल्यांनी तिच्यावर सगळी हुशारी पणाला लावली. इंजिनाची खीळ एक भोक खाली घेऊन त्याचा कोन बदलला. टोक थोडं खाली आलं, पण थोडंच. स्वतः पुढे सरकून बसायला गेले तर हँडलला हात पुरेना. इंजिनाचा पाण्यातला पंखा काढून तपासला. पंखा बिचारा चांगला होता. घरी येऊन शेगडीपाशी बसून ते विचार करायचे: जुन्या होडीचा तळ कसा होता? रुंद होता का? लाकूड जड म्हणून? बाबांनी बांधवून घेतानाच काही खुबी केली असणार. मेलेल्या होडीला ते इतकी वर्षं जे श्रेय देत आले ते देतच राहिले.

इकडे थंडी कमी होत चालली. सकाळी तोंडातून निघणारी वाफ दिसेनाशी झाली. फोनवर बारक्या बोटीचं विचारायचा नाही, फक्त म्हणायचा, "खोलीला पडदे लावलेत." पंपवाले "बरं" म्हणायचे. भावजय मागून ओरडायची, "निळे आहेत म्हणावं!"

एका रविवारी पंपवाले आवारात आले ते निरोप घ्यायलाच. शेवटचं एकदा चालवून बघतो म्हणाले. बोटवाल्याला त्यांचा चेहरा बघून काय वाटलं कोण जाणे, तो हात पुसत म्हणाला, "थांबा. मीच येतो तुमच्या भावाच्या जागी." आणि पुढच्या फळीवर, जरा डाव्या अंगाला, जाऊन बसला.

पंपवाल्यांनी हँडल पिळलं. बोट निघाली, वेग घेतला, आणि सरळ राहिली. पाटासारखी. टोक जागच्या जागी, समोर तलाव लख्ख उघडा, मधे बोटवाल्याची पाठ. पाणी दोन्ही अंगांनी सारखं कापलं जात होतं. हात हलका पडला, छाती मोकळी झाली. हीच ती चाल. तीच.

आणि तेव्हा तोंडात मारल्यासारखं त्यांना कळलं. होडीत काही खुबी नव्हती. बाबांनी काही करून ठेवलं नव्हतं. होडी सरळ जायची कारण पुढच्या फळीवर बारक्या बसलेला असायचा.

चाळीस-पन्नास वर्षं. पंपवाले मनात नेहमी असं धरून चालले होते की होडी आपण चालवतो, आणि बारक्या बसतो. सोबतीला बसतो, गप्पांना बसतो, डबा उघडायला बसतो. ते कधी तसं बोलले नव्हते, पण धरून चालले होते.

धक्क्याला लागल्यावर बोटवाला उडी मारून उतरला. "बघा! काय म्हणत होतो मी? बोटीत काही खोट नाही. दोघं बसलात की काम झालं. करायची का तयार?"

"दोघं नाही," पंपवाले म्हणाले. ते अजून बोटीतच बसले होते. "भाऊ नाही येणार. त्याचे गुडघे गेले, तो मुलाकडे असतो, लांब. मी एकटाच आहे."

सर्दी, पाहुणे, दात, सगळं बोटवाल्याच्या चेहऱ्यावरून एकदा फिरून गेलेलं दिसलं. भला माणूस, त्यातलं काही बोलला नाही. दोर खुंटाला गुंडाळत राहिला, नको तितके वेढे घेतले.

"मग डबे ठेवा पुढे," तो म्हणाला. "पाण्याचे, वीस वीस लिटरचे. भरून, फळीला बांधून टाकायचे. एकटे लोक तेच करतात."

"एकटे लोक?"

"असतात की. तुम्हाला काय वाटलं? त्या पलीकडच्या निळ्या बोटीत वाळूची पोती आहेत. बायको गेली त्यांची." मग त्यानं विषय कामावर आणला. "जेवढ्या वजनाची सवय तेवढं ठेवायचं. भावाचं वजन किती?"

पंपवाल्यांना माहीत नव्हतं.

घरी येऊन ते फोनपाशी बसले. फोन नेहमी बारक्या करायचा. दादानं करायची पद्धत नव्हती, त्यामुळे पलीकडे पहिली घंटा वाजते न वाजते तोच बारक्याचा घाबरा आवाज आला. "काय रे? काय झालं? पडलास?"

"पडायला काय झालंय! तुझं वजन किती?"

"माझं? एकाहत्तर. का?"

"सहज."

"सहज कोण विचारतं वजन? डॉक्टर तेवढे विचारतात." बारक्या बोलता बोलता थांबला. दुसरा कुणी असता तर हसला असता, नाहीतर म्हाताऱ्याला भ्रम झाला म्हणाला असता. पण तो आयुष्यभर पुढच्या फळीवर बसलेला माणूस होता. "दादा," तो हळूच म्हणाला. "टोक वर उचलते का?"

"उचलते."

"फार?"

"समोरचं दिसत नाही."

मागे भावजय कुणाला तरी साबण कुठे ठेवलाय ते सांगत होती. पंपवाल्यांना वाटलं, आता हा म्हणेल सोड ती बोट, ये इकडे, शब्द दिलायस. म्हणायला हवंच होतं त्यानं. त्याच्या हातात होतं.

"एकाहत्तर धरू नकोस," बारक्या म्हणाला. "ते इथं आल्यावरचं. हिनं सगळं बंद केलंय माझं. होडीत बसायचो तेव्हा ऐंशीच्या वर होतो. चार डबे भर, पूर्ण. आणि नांगर पण पुढेच ठेव."

"बरं."

"आणि मधोमध ठेवू नकोस. हातभर डावीकडे."

"डावीकडे का?"

"तू उजव्या अंगाला बसतोस ना, हँडलसाठी. होडी उजवीकडे कलते. मी डावीकडे सरकून बसायचो."

बारक्याचं ते बसणं पंपवाल्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. एका अंगाला, अर्धा फळीच्या बाहेर, आता उठेल की काय असं वाटावं तसा. किती वेळा ते त्याच्यावर खेकसले असतील, "अरे, नीट बस की मधे!" बारक्या मधे यायचा, आणि थोड्या वेळानं बघावं तर पुन्हा कडेला. पंपवाल्यांना वाटायचं, खोड आहे एकेकाची.

"बोलला नाहीस कधी," ते म्हणाले.

"त्यात बोलायचं काय? होडी सरळ जात होती ना."

मग भावजयीचा आवाज जवळ आला. "भाऊजी आहेत? कधी निघतायत विचारा, मी यंत्र हलवून ठेवते." बारक्यानं फोन बाजूला धरून सांगितलेलं पंपवाल्यांना ऐकू आलं. "राहू दे यंत्र तिथंच. बोट मिळाली त्याला."

"रागावलास?" पंपवाल्यांनी विचारलं.

"नाही रे. राग कसला." बारक्या म्हणाला. "वाटलं होतं येशील. एवढंच. ती लाल दोरी मनगटाला बांध. रोज बांध, कंटाळा करू नकोस. बाबांचा नियम मोडतोयस."

"बांधतो."

"आणि दादा, माशाचं काय ते फोनवर सांगत जा. मला इथं कुणी सांगत नाही."

बोट पंपवाल्यांची झाली. पुढच्या रविवारी त्यांनी धक्क्यावरच्या नळावर चार डबे भरले, एकेक करून बोटीत नेले, पुढच्या फळीखाली हातभर डावीकडे लावून दोरीनं आवळून बांधले. नांगर डब्यांच्या पुढे. बोटवाला मदतीला येत होता, त्याला त्यांनी हातानंच नको म्हटलं. लाल दोरी मनगटाला बांधली. इंजिन दुसऱ्या ओढीला लागलं.

बोट सुरेख गेली. टोक खाली, तळ सपाट, उजवीकडे नाही की डावीकडे नाही. पंपवाल्यांना हवी होती तशी, अगदी तंतोतंत. समोर पाणी होतं आणि पाण्यापलीकडे फिका काठ. इतकी वर्षं या पाण्यापुढे एक रुंद पाठ असायची, तिच्या दोन्ही बाजूंनी मिळेल तेवढा तलाव ते बघत आले होते. आता सगळा दिसत होता. एवढं पाणी एकदम बघायची त्यांना सवय नव्हती.

खडकांच्या अलीकडे, जिथे मासा असतो तिथे, त्यांनी इंजिन बंद केलं. शांत झालं. गळाला आमिष लावायला ते सवयीनं फळीच्या मध्यावर सरकले, आणि बोट डावीकडे कलली. चांगलीच कलली. पाणी कडेला आलं. त्यांनी घाईनं दोन्ही हातांनी कडा पकडल्या.

बारक्या असता तर इंजिन थांबता थांबताच तोही मधे आला असता. येत असणारच, दर वेळी, कारण जुनी होडी उभी असताना कधी कलली नव्हती. डबे काही येणार नव्हते. त्यांना जिथे बांधलं होतं तिथेच ते बसले होते.

पंपवाल्यांनी श्वास घेतला आणि हळूहळू, बसल्या बसल्या, उजव्या कडेला सरकले. अर्धे फळीच्या बाहेर. बोट सरळ झाली. तसंच एका अंगाला बसून त्यांनी गळ टाकला, आणि ऊन वर येईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.